चांदीची जार आणि आहेरातली चप्पल

घोडेगाव, सोमवार

सन्माननीय व्याही अमृतराव,

वयानं तुम्ही माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी धाकटे, पण मुलगी देणारे म्हणून मान तुमचा, तेव्हा रामराम पहिला माझा. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला का? आमच्याकडं सगळं ठीक. (एवढं लिहिलं तोच आमची कारभारीण बनुबाई खांद्यावरून वाकली आणि 'खरं लिवा' म्हणाली. फोनवर मला खोटं बोलायची सवय लागली आहे, म्हणून तर पत्र.)

निकिताचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं, त्यानंतर तिला सोबत म्हणून तुम्ही खर्ड्याहून गाभण शेळी टेम्पोत घालून पाठवलीत. पोरगी शेळीत रमली, असं मी तुम्हाला सांगत आलो. रमली नव्हती. दोन महिने ती कामापुरती उठायची आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडायची. चांदीचं चारापाणी मीच बघत होतो.

शुक्रवारी सकाळी चांदी व्याली. दोन करडं झाली, पण करडांमागून पडायची ती जार काही पडेना, उन्हं कलली तरी मागं लोंबतच. बाजरीच्या घुगऱ्या घातल्या, गूळ घातला, बांबूचा पाला आणला (तो आणताना शेजारच्यांचं कुंपण मोडलं, ते प्रकरण वेगळं). शेवटी जुन्या माणसांची युक्ती केली. जारेला वजन बांधलं की ती आपोआप खाली येते म्हणतात. दगड बांधायची मला दया आली, म्हणून चप्पल बांधली. दिवाळीला तुम्ही आहेरात दिलेली, त्यातली डावी. (डावीच का, तर ती चावत होती.) चपलेचा पहिला फटका पायावर बसला आणि चांदी दावं तोडून जी सुटली ती थेट मारुतीच्या पारापर्यंत. मागं एका पायात चप्पल घातलेला मी, माझ्यामागं 'धरा, धरा' करत सगळी आळी. नक्की कुणाला धरायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात निकिता बाहेर आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं उंबरा ओलांडला. 'चांदे' अशी एक हाक मारली, तशी शेळी उभी राहिली. मग पोरगी माझ्यावर भडकली. 'मामा, सोडा आदी ती चप्पल! आत काय तुटलं तर जीव जाईन तिचा!' सून सासऱ्याला एवढ्या मोठ्यानं बोलली म्हणून बायांनी तोंडाला पदर लावले. मला मात्र फार बरं वाटलं. तिचा आवाजच मी विसरत चाललो होतो.

फोन तिनंच केला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, सुई दिली, पाच दिवसांचं औषध दिलं. ओढायचं नाही, वजन बांधायचं नाही, आत तुकडा राहिला तर सडून शेळी दगावते, असं मला सगळ्यांसमोर दोनदा समजावलं. त्यानंतर निकिता चांदीपाशीच बसून राहिली. करडं पाजली, अंगाला हात लावून ताप बघितला, कानात काहीबाही बोलली. काय बोलली ते आम्ही ऐकलं नाही. दारात उभी राहून बनुबाई डोळे पुसत होती, आणि मीही.

शनिवारी न्याहारीच्या वेळी जार सगळी पडली. ती पुरायला मी खड्डा खणतोय तोवर कुत्र्यानं ती चप्पल पळवली आणि मी पुन्हा एका पायानं त्याच्या मागं. ते बघून निकिता हसली. व्याही, पोरगी हसली. मोठ्यानं.

विहीणबाईंना नमस्कार. चूकभूल पोटात घालावी.

तुमचा
गहिनीनाथ

ता. क. पुढच्या रविवारी तुम्ही निकिताला माहेरी न्यायला येणार आहात. खुशाल न्या, असं मी फोनवर म्हणालो, तेही खोटं होतं. पोरगी गेली तर घर आम्हाला खायला उठेल. बाळासाठी शिवलेलं दुपटं तिनं काल पेटीतून काढलं आणि करडांखाली अंथरलं. तिला न विचारता लिहितो आहे, पण न्यायला येऊ नका. दोघं राहायला या.

ता. क. दुसरं. येताना चप्पल आणा. एकच, डावी, एक नंबर मोठी.

ता. क. तिसरं. पत्र निकितानं वाचलं. 'चप्पल चावत हुती ते खोडा, दादांना वाईट वाटंन,' म्हणाली. बाकी काही खोडायला सांगितलं नाही.