आमच्या विहिरीवरचा पंप

शनिवार, २१ एप्रिल १९८४

पंपात पाचव्यांदा पाणी ओतलं. मोटर घरघरली, नळातून थेंब नाही. रहाट मोडायला दादाला मीच लावलं. वीज आली, आता बैल कशाला फिरवतोस, म्हणालो. रहाटाची लाकडं न्हाणीच्या चुलीत जळताहेत.

संध्याकाळी आमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक पाहून गेले. पंप पाणी ओढत नाही म्हणे. तो नळीतली हवा काढतो, मग बाहेरची हवा पाणी वर ढकलते. तिची ताकद पंचवीस-तीस फुटांपर्यंतच. आमचं पाणी चाळीस फुटांवर. पंपच खाली न्यायला हवा. रहाटाला अशी अट नव्हती. त्याचे लोटे पाण्यापर्यंत जात.

"तू मास्तर ना रे? तुला हे म्हायत नव्हतं?" दादाने विचारलं.

"मी मराठी शिकवतो."

"मग मराठीत सांगायचंस ना, म्हायत नाय म्हणून."

पोफळी तीन दिवस कोरड्या आहेत. एवढं एक वाक्य मला का सांगता आलं नाही?

रविवार, सकाळ. दादा कमरेला दोर बांधून विहिरीत उतरला आहे. पंप बसवायला कातळात जागा खणतो आहे. वर दोर वहिनीने धरला आहे. मी हात पुढे केला. ती नको म्हणाली.