एरंडेलाचा वास गेला ती सकाळ

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडण्यातही अर्थ नाही, तरी मी चिडते. नाकात तपकीर कोंबून सुगंधाचा कारखाना काढणारा दुसरा माणूस मला आजवर भेटलेला नाही. लोकांना तुमची गोष्ट सांगते तेव्हा ते तपकिरीपाशीच हसायला लागतात, आणि मी त्यांना हसू देते.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. कॉलेजातून निवृत्त झालात आणि मुळशीच्या रस्त्याला, भाताच्या खाचरांना लागून, पत्र्याची एक शेड घेतलीत. कुठल्याशा परदेशी मासिकात तुम्ही वाचलं होतं की एका जातीच्या यीस्टला एरंडेल खाऊ घातलं तर ते त्यातून पीच नावाच्या फळाचा वास तयार करतं, आणि तो नैसर्गिक म्हणून विकता येतो. ते फळ ना तुम्ही खाल्लं होतं, ना मी. म्हणून मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्या वासाच्या रासायनिक इसेन्सची बाटली नमुन्याला आणलीत. आपलं पीच ते तेवढंच. मी तुमची विद्यार्थिनी, वर्गात पहिली आलेली, आणि माझं काम काय, तर रोज सकाळी आधी बाटली हुंगायची आणि मग यीस्ट-एरंडेल कालवलेलं पीप हुंगायचं. पिपात माशांच्या टाकीचा पंप बुडबुडे काढतोय, शेजारच्या वाडीची मावशी फरशी धुतेय, आणि तुम्ही खुर्चीत बसून तपकिरीची चिमूट ओढताय. सहा महिने त्या पिपाला एरंडेलाशिवाय कसलाही वास आला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुमचं चाललेलं. कधी यीस्ट वाईट, कधी पाणी वाईट, एकदा तर मावशीच्या डोक्यातलं खोबरेल वाईट.

खरी गोष्ट अशी की तो लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलाच नव्हता. मी वाचला होता, कारण टाइप मला करायला लावलात. यीस्टचं काम झालं की ते पाणी अ‍ॅसिड घालून आंबट करायचं आणि उकळायचं, वास तेव्हाच सुटतो, असं शेवटच्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं. मी तसं तुम्हाला म्हटलं. तुम्ही मावशीच्या देखत म्हणालात, "तुझं नाक फोडणीपुरतं ठीक आहे. शास्त्र माझ्यावर सोड." मावशी मान खाली घालून फरशी घासत राहिली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तो व्यापारी माल बघायला येणार होता. तुम्ही दहाच्या एसटीनं आलात, मला केस नीट विंचरायला सांगितलंत, आणि माझी पाठ वळल्यावर नमुन्याची अख्खी बाटली पिपात उपडी केलीत. त्यानं झाकण उचललं, वाकून हुंगलं आणि शांतपणे म्हणाला, "मास्तर, हा वास आमच्याच दुकानातून गेलाय." चहालाही थांबला नाही. तुम्ही तपकिरीची डबी उघडून नुसतेच बघत बसलात. मावशी दारात उभी होती. ती तुमच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. त्या महिन्यात शेड बंद झाली.

लोकांना मी इथवरच सांगते.

पुढे तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी मोसंबी घेऊन आले होते. तपकीर डॉक्टरांनी सोडवली होती. इकडचं तिकडचं बोलणं संपल्यावर तुम्ही भिंतीकडे बघत विचारलंत, "खरं सांग, त्या पिपात एकदा तरी वास धरला होता का गं?"

मी म्हणाले, "नाही, सर."

"तरीच. मला वाटायचं, आला असेल आणि माझ्याच नाकाला कळला नसेल." तुम्हाला बरं वाटलेलं दिसलं. मला त्याचाही राग आला. इतकी वर्षं तुम्हाला तपकिरीवरून हसले, आणि ती शंका तुम्हाला माझ्या आधीपासून होती.

हे पाकिटात घालायचं नाही, म्हणूनच लिहिते. व्यापारी यायचा होता त्या दिवशी सकाळी, तुमची एसटी यायच्या आधी मी पिपातलं पातेलंभर पाणी काढलं, अ‍ॅसिड घातलं आणि मावशीच्या चहाच्या स्टोव्हवर उकळत ठेवलं. मावशी दाराशी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली.

"बाई, एरंडेल गेलं की वो. कायतरी पिकल्यावानी वास येतुया. लई ग्वाड हाय."

मी बाटली हुंगली, पातेलं हुंगलं. तोच वास, फक्त बाटलीपेक्षा मऊ, तापल्या सायीसारखा.

"मास्तरास्नी सांगा, लई खूश व्हतील," मावशी म्हणाली.

सांगते म्हणाले, आणि पातेलं खाचरात ओतून आले.