अठरा किलो शांत

३ फेब्रुवारी, सकाळी १०

ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले. काल घरी आलो. पोट कापून लहान केलंय, आता ते केळ्याएवढं आहे असं डॉक्टर म्हणाले. काय खाल्लं ते रोज लिहायचं, असं डाएटवाल्या बाईंनी सांगितलंय. मी विचारही लिहिणार आहे. माणूस बदलतोय, त्याची कुठेतरी नोंद हवी.

ऑपरेशनच्या टेबलावर चढलो तेव्हा १३८ किलो होतो. आज १३४.

माझा हिशेब सरळ आहे. एकशे अडतीस किलो घेऊन जिना चढणाऱ्याला राग येणारच. राग चरबीत असतो. चरबी गेली की राग गेला. हे मी बायकोला ऑपरेशनच्या आधीच पटवून दिलंय. ती म्हणाली, वजनाचं मला काही नाही, पण घरात पुन्हा फेकाफेकी झाली तर मी लेकीला घेऊन भावाकडे जाईन, आणि परत येणार नाही. मी शांतपणे बरं म्हणालो. दार नंतर आपटलं ते वाऱ्याने.

४ फेब्रुवारी

आज कोणावरही ओरडलो नाही. भूल देताना घशात नळी घातली होती, आवाजच फुटत नाही. पण ओरडलो नाही हे खरं.

६ फेब्रुवारी, दुपारी १

औषधाच्या मापट्याने पाणी. तीस एमएल. दहा मिनिटं थांबायचं. मग परत तीस एमएल. चिमणीसुद्धा याहून जास्त पिते. मग गाळलेलं सूप, तेही मापट्याने.

शेजारचे काका काहीतरी तळत होते. वास भिंतीतून येत होता. मी भिंतीवर वाजवून तसं कळवलं. पोपडा पडला. बांधकामच कच्चं आहे. काका दारात आले आणि मुठीला रक्त आलंय म्हणाले. तोवर माझं लक्ष नव्हतं.

११ फेब्रुवारी

१३०. आठ किलो राग गेला.

आज टायरच्या दुकानात गेलो. वजन उचलायचं नाही, नुसतं काउंटरवर बसायचं. भागीदाराने एक वाजता माझ्यासमोर डबा उघडला. वीस वर्षं तो तिथेच जेवतो, पण माणसाला काही समज हवी की नाही? मी त्याला दोनदा प्रेमाने सांगितलं. तो म्हणाला, ऑपरेशन तुझं झालंय, माझं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी त्याचा डबा पंक्चर बघायच्या टाकीत उलटा केला. त्याला हात लावला नाही. पूर्वीचा मी असतो तर त्याचं डोकंच टाकीत गेलं असतं. केवढी प्रगती.

भागीदाराला ती दिसली नाही. संध्याकाळपर्यंत टाकीवर भाजी तरंगत होती.

१३ फेब्रुवारी, सकाळी ११

डोकं चालवलं. डाएटवाल्या बाई म्हणतात, पातळ पदार्थच घ्यायचे. आइस्क्रीम वितळलं की पातळच होतं. साखर चालणार नाही असं कागदावर लिहिलंय, पण ते न वितळलेल्या माणसांसाठी असणार. चार कप दुकानामागे उन्हात ठेवले आहेत.

दुपारी ३

बारा वाजता प्यायलो. मापट्याने नाही, कपाने. साडेबाराला घामाने शर्ट भिजला, छातीत धडधड, डोळ्यांसमोर अंधार आणि पोटात असा पीळ, की लिहवत नाही. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याची गाडी जॅकवर होती. तो म्हणाला, किती वेळ? मी म्हणालो, आत्ता देतो, आणि जॅक सोडला. चाक लावायचं राहिलं होतं. गाडी बसली.

त्याने माझी कॉलर धरली. कोणीही बघितलं नाही पण आधी त्याने धरली. माझ्या हातात ट्यूब होती, तिने मी त्याला चार-पाचदा दूर सारलं. ट्यूबमध्ये हवा नव्हती. हवा नसलेल्या ट्यूबने मारणं हे मारण्यात धरत नाहीत. मग मला धावत मोरीकडे जावं लागलं, म्हणून तो वाचला.

भागीदार म्हणाला, महिनाभर तोंड दाखवू नकोस. मी स्वतःहून रजा घेतली आहे.

घरी सांगितलं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. बायकोने माझा फाटलेला खिसा शिवला आणि काही विचारलं नाही. विश्वास म्हणतात तो हा.

१८ फेब्रुवारी

आजपासून कुस्करलेलं. उकडलेला बटाटा, दोन चमचे. दोन चमचे म्हणजे सण.

मेव्हणा आला होता. दाजी, वाळलात की, म्हणाला. मग माझ्यासमोर बसून तिसऱ्यांदा वाढून घेतलं. ही वाढत होती, आग्रह करकरून. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी हसत होतो. हसत हसतच त्याचा चमच्याचा हात धरला आणि थोडा पिरगळला. तो खुर्चीसकट खाली गेला. चमचा वाकला. हल्ली चमचे पातळच येतात.

ही म्हणाली, फेकाफेकी नाही म्हणून सोडून देते, हे शेवटचं. बघा, नियमात बसलो. मेव्हणा जाताना बहिणीच्या कानात काहीतरी बोलला. घर फोडणारे असेच असतात.

२४ फेब्रुवारी

१२५. पट्ट्याला नवीन भोक पाडलं. पट्टा जेवायच्या टेबलावर ठेवला, खिळा लावला, हातोडी घातली. भोक पट्ट्यालाही पडलं आणि टेबलालाही. एक घाव बसल्यावर आणखी घालावेसे वाटले. नऊ घातले. बरं वाटलं. व्यायाम.

लेक आता नऊ वर्षांची झाली. हल्ली फार स्वच्छ राहते. मी खुर्चीतून उठलो की ती बाथरूममध्ये जाते, आतून कडी लावते. दिवसातून पाच-सहा वेळा. मी पुन्हा बसलो की बाहेर येते. आईचं वळण.

२ मार्च, दुपारी २

लिहायचं नव्हतं. पण नोंद हवी.

आजपासून मऊ घास. उकडलेलं अंडं. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा. लेक समोर बसून मोजत होती, तिला मीच बसवलं होतं. अकरापर्यंत आली आणि मी गिळलं. महिन्याभराने दातांखाली काही आलं होतं. माणूस आहे मी.

घास छातीत अडकला. जीव जातोय असं वाटलं. तोंडातून नुसता फेस. लेक उठून बोट अकरावर धरून उभीच होती. ही म्हणाली, तीस सांगितले होते ना. शांतपणे म्हणाली. त्या शांतपणाचाच मला राग आला. मी ताटली भिंतीकडे फेकली. भिंतीकडेच. भिंतीच्या आणि ताटलीच्या मध्ये लेक आली.

भुवईच्या वर तीन टाके.

वजन गेल्याने हातातली ताकद गेली, नेम राहत नाही. पूर्वी असं झालं नसतं. हे मी दवाखान्यात हिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती. मग लेकीचा फ्रॉक दिसला, पुढून सगळा लाल, आणि मी तिथेच बाकावर बसून रडलो. लाज वाटली. फार वाटली. मला पूर्वी कधी रडू यायचं नाही. म्हणजे राग निघतोय, शेवटचा शेवटचा असेल.

३ मार्च

ही लेकीला घेऊन भावाकडे गेली. टाके काढेपर्यंत, असं मी धरून चाललोय. ती तसं काही म्हणाली नाही.

५ मार्च

घर शांत. दोन दिवसांत एकदाही राग आला नाही. हिशेब बरोबर होता.

मिक्सर सुरू होत नव्हता. आता तो नाही.

१० मार्च

तपासणी. १२१. डॉक्टरांनी पाठ थोपटली, नर्सने टाळ्या वाजवल्या. घरचे कोणी आले नाहीत का, असं डाएटवाल्या बाईंनी विचारलं. कामात आहेत म्हणालो.

मग डॉक्टरांना मुद्द्याचं विचारलं. सतरा किलो गेले, राग पुरता जायला अजून किती जावे लागतील? त्यांना आधी कळलंच नाही. मी हिशेब मांडून दाखवला. ते बराच वेळ माझ्या मुठींकडे बघत राहिले. म्हणाले, आम्ही पोट लहान केलंय, रागाला आम्ही हातही लावलेला नाही, त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे जा. चिठ्ठी दिली.

म्हणजे मी वेडा. बाहेर पडताना खुर्ची लागली पायाला. तिचा पाय आधीच कच्चा असणार. चिठ्ठी फाडली. मग तुकडे गोळा करून खिशात ठेवले. का ते माहीत नाही.

१६ मार्च, सकाळी ८

११९.८. एकशे वीसच्या खाली. अठरा किलो. काट्यावरून तीनदा उतरून परत चढलो, तेवढेच.

सकाळी ८.३०

मेव्हण्याकडे फोन लावला. लेकीनेच उचलला. नशीब. आकडा सांगितला. ती छान म्हणाली. टाके निघाले का विचारलं. निघाले म्हणाली, थोडी खूण राहणार आहे. मी म्हणालो, घरी या, बाबा आता एकदम शांत झालाय. तिने विचारलं, आता ओरडणार नाहीस ना?

मी म्हणालो, नाही.

शेजारचे काका दार वाजवत आले, काय झालं म्हणून विचारायला. फोन तोवर तिकडून ठेवलेला होता.