बसक्या गाडीचे अलाइनमेंट

रविवार, दि. २१ सप्टेंबर २०२५

मी, विनोद यादोराव गजभिये, वय ५४, बी.कॉम. (प्रथम श्रेणी), पवनीच्या एका शाळेत मुख्य लिपिक, राहणार आसगाव, आजपासून ही वही लिहीत आहे. उद्देश एकच. माझ्या नावे असलेल्या पांढऱ्या मोटारीचे टायर बदलणे, चाकांचे अलाइनमेंट (कोन जुळवणी) करून घेणे आणि जमल्यास तिला मूळ उंचीवर आणणे. मुदत १ ऑक्टोबर. दोन तारखेला दसरा आहे, दीक्षाभूमीला जायचे आहे. मुलगा धम्मदीप पुण्याहून येणार आणि गाडी तोच चालवणार.

असे त्याच्या आईने, रत्नमालेने सांगितले. मला तो काही सांगत नाही.

पार्श्वभूमी नोंदवतो. फेब्रुवारीत मी तीन दिवस प्रशिक्षणासाठी नागपूरला होतो. परत आलो तर गाडी अंगणात बसलेली — म्हणजे उभीच, पण म्हैस बसावी तशी. चिरंजीवांनी मित्रांच्या मदतीने तिची उंची कमी केली होती. मी पट्टी लावली. जमिनीपासून १७० मिलिमीटर असायला हवे, तिथे ११२.

मी ओरडलो नाही. ओरडणे माझ्या स्वभावात नाही. मी त्याला कारणे दाखवा नोटीस दिली. टंकलिखित. आरोप तीन: (१) पूर्वपरवानगी न घेणे, (२) ग्राइंडरने स्प्रिंगा कापून निकृष्ट काम करणे, (३) वडिलांना गावात हास्यास्पद करणे. लेखी खुलाशासाठी सात दिवस. नोटीस त्याच्या मित्रांसमोर दिली, कारण बजावणीला दोन साक्षीदार लागतात.

खुलासा आला नाही. मार्चमध्ये त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला. तेव्हापासून आमचे सर्व दळणवळण रत्नमालेमार्फत होते. "तुमचा पोरगा विचारून राहिला, बाबाचा बीपी कसा हाय." "त्याला सांग, १३०/८४." ती फोनवर सांगते, "बरा हाय म्हनते."

सोमवार, दि. २२

टायर तपासले. पुढचे दोन्ही टायर बाहेरून नव्यासारखे. आतून पाहायला मला अंगणात पालथे पडावे लागले. आतली कड पूर्ण गुळगुळीत, एका ठिकाणी तार उघडी. सात महिने मी हे टायर उभ्याने पाहत होतो.

या टायरांवर तो आम्हा सगळ्यांना घेऊन महामार्गाने जाणार होता. हे वाक्य मी पट्टी लावून अधोरेखित केले.

रत्नमाला म्हणाली, "त्याच्यासंग सिधे बोलून पाहा न जी एकदा." मी म्हणालो, विषय टायरचा आहे. ती म्हणाली, "हो. टायरचाच हाय."

मंगळवार, दि. २३

किरकोळ रजेचा अर्ज दिला. कारण: वाहनाची प्रकृती. मुख्याध्यापकांनी दोनदा वाचून मंजूर केला.

बुधवार, दि. २४

आसगाव ते भंडारा. गतिरोधक सत्तावीस. प्रत्येकावर गाडी तिरपी घालावी लागते. आधी एक चाक, मग दुसरे, नवरीने उंबरठा ओलांडावा तसे. तरी नऊ ठिकाणी पोट घासले. पवनीच्या चौकात एक जण म्हणाला, "बाबू, गाडी बसली का जी? पानी पाजा थोडं." मी काच वर केली. आरोप क्र. ३ पुन्हा सिद्ध.

अलाइनमेंटच्या दुकानात मशीन घनश्याम नावाचा मिस्त्री पाहतो. वय चाळिशीच्या आसपास, खिशात कंगवा. रॅम्पवर गाडी चढेना, बंपर टेकला. त्याने लाकडी फळ्या लावल्या. मग जॅक खाली जाईना. मग चाकच फळीवर चढवून खाली जागा केली. तो शांत होता. मीच घामाघूम.

टायर निवडताना मी प्रत्येकावरचा चार आकडी शिक्का वाचला. त्यातून टायर कोणत्या सालच्या कोणत्या आठवड्यात तयार झाला ते कळते. तीन टायर एकाच आठवड्याचे, चौथा सहा आठवड्यांनी मोठा. मी तो परत केला.

"साहेब, चारही भावाईची जन्मतारीख एकच पायजे का?"

"एकाच गाडीला बसणार आहेत ना."

त्याने वर जाऊन जुळा शोधून आणला. माणूस कामाचा आहे.

मी त्याला म्हणालो, मुलाने स्प्रिंगा कापल्या आहेत, मूळच्या बसवायच्या आहेत. तो गाडीखाली गेला. बराच वेळ बाहेर येईना. मग खालूनच आवाज आला.

"कापल्या कोन म्हनते?"

"मी म्हणतो."

"मंग तुमी खाली पाह्यलंच नाही. हे कापलेलं नाही, साहेब. चांगल्या कंपनीच्या बुटक्या स्प्रिंगा आनून टाकल्या हायेत. नट टॉर्कच्या पान्ह्यानं मोजून कसले, वरतून पेंटाची खून केली. असं काम आमच्या इथं मीबी करत नाही. कोन पोरगा हाय हा?"

मी म्हणालो, माझा.

"मंग अलाइनमेंट काहून नाही केलं त्यानं?"

याचे उत्तर मला माहीत होते. नोटीस मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि गाडीला पुन्हा हात लावला नाही. घनश्यामला म्हणालो, राहून गेले.

मूळ उंचीच्या स्प्रिंगा नागपूरहून मागवल्या आहेत. शनिवारी येतील, न आल्यास दसरा आहे त्याच उंचीवर. नवे टायर बसले. अलाइनमेंट राहिले, कारण घनश्याम म्हणतो, रिकाम्या गाडीचे करून उपयोग नाही: "एवढ्या बसक्या गाडीत चार जन बसले का चाकाचा कोन बदलते. मंग टायर पुन्हा आतून चाटते. बसनाऱ्याइले घेऊन या, नाही त तेवढं वजन आना."

गुरुवार, दि. २५

सकाळी शाळेत जाण्यापूर्वी चारही कोपरे पट्टीने मोजले. ११२, ११२, १११, ११२. तिसरा कोपरा तीनदा मोजला. मग पाणसळ लावली. फरक गाडीत नाही, अंगणात आहे.

आरोप क्र. २ निराधार ठरतो.

शुक्रवार, दि. २६

बसणाऱ्यांना शनिवारी भंडाऱ्याला नेणे शक्य नाही. माझ्या आईचे गुडघे, रत्नमालेची कामे, आणि एक जण पुण्यात. म्हणून घरच्या जुन्या धानाची पोती भरायचे ठरवले. प्रत्येकाच्या वजनाइतकी. शेजारच्या तुलारामकडून धान मोजायचा काटा आणला.

आई हौसेने काट्यावर उभी राहिली. ४३. "यवढीच भरली का? पुन्हा एकडाव पाह्य बापू."

रत्नमालेने नकार दिला. "माहं वजन वहीत लिवसान त पाह्यजा." मी अंदाजे ६८ धरले.

राहिला धम्मदीप. रत्नमालेला विचारायला सांगितले, तर म्हणाली, "मी काय पोस्टमन हाव? तुमीच विचारा." तीन मसुदे केले. शेवटी पाठवले: 'तुझे सध्याचे वजन कळवावे. कारण: अलाइनमेंट. — बाबा.'

अकरा मिनिटांनी उत्तर आले. '७१.'

सात महिन्यांत मला आलेला हा त्याचा पहिला संदेश. दोन अंक.

मार्चमधल्या त्याच्या वैद्यकीय तपासणीची प्रत माझ्या फाइलमध्ये आहे. ती काढून पाहिली. ७६.

रत्नमालेला विचारले, तो तिकडे जेवतो की नाही. ती म्हणाली, "मले काहून विचारता?"

त्याचे ७१ किलो दोन पोत्यांत भरले, तोंडे शिवली. थोड्या वेळाने एकाची शिवण उसवली आणि पाच किलो आणखी टाकले. ही नोंद खरी आहे. कारण लिहीत नाही.

शनिवार, दि. २७

निघताना घोटाळा. उचलायला सोपे जावे म्हणून मोठ्या माणसांची दोन-दोन पोती केली होती आणि प्रत्येकावर चिठ्ठी. रत्नमालेने तिची वाचली.

"आयुष्मती रत्नमाला, भाग दोन. हे काय हाय? आन हे अडुसष्ट कोन?"

"अंदाज आहे."

"अंदाजानं बायकोले पोत्यात भरलं? मले विचारलं असतं त बासट सांगितलं असतं."

"विचारले होते."

तिने शिवण उसवून ओंजळीने धान काढले. किती काढले ते मोजू दिले नाही. म्हणजे आजच्या अलाइनमेंटमध्ये एक आकडा अज्ञात आहे. त्याला इलाज नाही.

पोती तुलारामच्या टेम्पोत. पुढे मी बसक्या गाडीत, मागे तो. निघताना तो ओरडून म्हणाला, "बाबू, तुमी चाला, मी तुमची फॅमिली घेऊन येतो."

दुकानात घनश्यामने चिठ्ठ्या वाचल्या आणि खिशातला कंगवा काढून केस नीट केले. "पाव्हने आले म्हनजे नीट राहा लागते." मग विचारले, "मातोश्रीले कुठं बसवू?"

"पुढे. खिडकीशी."

"आन हे स्वतः?" ही माझी पोती. मला मशीनसमोर उभे राहायचे होते, म्हणून मीही भरलेलो होतो.

"मागे. पत्नीशेजारी."

"चिरंजीव चालवतीन न?" त्याने धम्मदीपची दोन्ही पोती चालकाच्या जागी बसवली आणि पट्टा लावला. पट्टा लावायचे काही कारण नव्हते. मला बरे वाटले.

मशीनच्या पडद्यावर सगळे आकडे लाल. घनश्याम खाली पान्हा फिरवत होता, मी वर आकडे मोठ्याने वाचत होतो. एकेक हिरवा होत गेला. शेवटचा हिरवा झाल्यावर तो म्हणाला, "थांबा जी, आता हात नोका लावू. श्वासबी नोका घेऊ." आम्ही दोघांनी खरोखरच घेतला नाही.

तेवढ्यात कुरिअरचा खोका आला. नागपूरच्या स्प्रिंगा. "आल्या. बोला, वर करून टाकू? पन मंग हे सारं अलाइनमेंट पुन्हा करा लागन."

मी गाडीकडे पाहिले. आत सगळे बसलेले होते.

"परत पाठवा."

"मंग मंगवल्या कायले?"

"मागवताना माझी माहिती अपुरी होती."

परतताना पोट फक्त चार ठिकाणी घासले. रस्ता तोच. बहुधा मी शिकलो.

रविवार, दि. २८

आईला गाडीत बसवून पाहिले. तिने दार उघडले, मागे वळली आणि खाटेवर बसावे तशी बसली. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. "पवनीच्या सवारी जीपमंदी मले पोत्यावानी टाकतेत," ती म्हणाली. "हे बरी हाय. पाय उचलाच लागत नाही."

दुपारी नोटीस मागे घेण्याचे पत्र लिहायला बसलो. नोटीस देण्याचे नमुने माझ्याकडे अकरा आहेत. मागे घेण्याचा एकही नाही. स्वतः रचून पाहिले. 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की' याच्या पुढे काही सुचले नाही.

सोमवार, दि. २९

गाडी धुतली.

मंगळवार, दि. ३०

पुन्हा धुतली. रत्नमाला म्हणाली, "तो उद्या दुपारी येतो म्हनते. तुमाले सांगू नोको म्हने, पन सांगून राहिली."

बुधवार, दि. १ ऑक्टोबर

धम्मदीप दोनच्या बसने आला. वाळला आहे. एका हातात बॅग, खांद्यावर जड खोका. खोका त्याने माझ्या पायांशी ठेवला आणि उघडला. चार स्प्रिंगा. कंपनीच्या, मूळ उंचीच्या, पुण्यात पहिल्या बोनसमधून घेतलेल्या. म्हणाला, "बाबा, गाडी वर करून टाकू. आत्ताच चाला भंडाऱ्याले."

मी म्हणालो, गाडी आहे तशीच राहील.

"काहून?"

मी म्हणालो, कारणे लेखी देतो.

"तोंडी सांगा न, बाबा."

सांगितली. चार वाजले. जेवण दोनदा गरम करावे लागले.

(विनोद यादोराव गजभिये)
आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा
दि. १ ऑक्टोबर २०२५