कमी करण्यात येत आहे

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की या पत्रातल्या चुकांना आता तुमची लाल शाई लागणार नाही. तुमच्याकडून मिळालेली ही पहिलीच सवलत, तेव्हा ती मी पुरेपूर वापरणार आहे. आज मी तुमच्यावर सूड उगवून आले. म्हटलं, तुम्हालाच आधी कळवावं. संस्कृतात पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीचा एवढा तरी शिष्टाचार.

गुजरातेतल्या उधन्याच्या आपल्या मराठी शाळेत तुम्ही कर्मणी प्रयोग शिकवलात, तो तास मला अजून दिसतो. फळ्यावर 'बालकेन फलं खाद्यते' लिहिलंत, मग 'बालकेन' पुसून टाकलंत आणि हसत म्हणालात, "बघा, मूल गेलं तरी फळ खाल्लं जातंच. कर्ता लपवायचा असला की हा प्रयोग. कचेऱ्यांचं सगळं राज्य यावर चालतं." आम्ही हसलो, सगळ्यांत मोठ्याने मी. त्याच महिन्यात तुम्ही, म्हणजे तेव्हाचे आमचे हेडमास्तर, माझ्या आईला शाळेत बोलावता. धाकटी बहीण दुसरीत आहे, दोन वर्षं दुसरीतच आहे, अक्षरं तिला ओळख देत नाहीत. आई लूमच्या कारखान्यातून बॉबिन भरता भरता उठून आलेली, केसांत धाग्याची तुसं. खुर्ची रिकामी आहे, पण बसा असं कुणी म्हणत नाही. तिला फक्त अहिराणी येते, तुम्हाला ती कळत नाही (किंवा कळून घ्यायची नाही), म्हणून मला दुभाषी म्हणून वर्गातून उठवलं जातं. कागद आधीच तयार असतो, तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात: 'सदर विद्यार्थिनीस शाळेतून कमी करण्यात येत आहे.' दोन मिनिटं बोलणं होतं, मग तुम्ही खाली आणखी एक ओळ लिहिता: 'पालकांची संमती आहे.' आईने अंगठा दिला. त्यानंतर बहिणीला साड्यांवर टिकल्या चिकटवायला बसवण्यात आलं. बघा, मलाही जमतो तुमचा प्रयोग.

आज माझ्या मुलीच्या शाळेत बैठक होती. नऊ वर्षांची आहे, मावशीवर गेलीय. अक्षरं तिच्यासमोर उड्या मारतात. पण काळ सुधारलाय, सर. आता अशा मुलांचा वर्षाचा आराखडा करतात, आणि तो ठरवायला पालकांना बोलावतात. बहीणही नवागामहून सोबत आली होती, कारण मुलगी अभ्यासाला बसते ती तिच्याच मांडीला मांडी लावून. टेबलापलीकडे मुख्याध्यापिका आणि अशा मुलांना शिकवणाऱ्या एक तरुण बाई. "बेसो, बेन, बेसो." खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, आणि कागद पुढे सरकला. "बस, अहीं सही करी दो." गुजरातीत टाइप केलेला, तयार. मुलीला पुढच्या सत्रापासून दुसऱ्या शाळेत पाठवायचं 'नक्की करवामां आव्युं छे', म्हणजे ठरवण्यात आलं आहे.

सर, तुम्हीच बसला होतात तिथे. फक्त साडी नेसून.

मी चष्मा पुसला आणि 'कोणी', एवढंच त्यांच्या भाषेत विचारलं, "कोणे?"

"शुं कोणे, बेन?"

"कोणे नक्की कर्युं? वाक्यमां कर्ता नथी."

"बेन, बधां फॉर्ममां आवुं ज होय."

"मग सगळ्याच फॉर्मांचा कर्ता हरवलाय. शोधू या, मी आज सुट्टी टाकून आलेय." मी एकेक ओळ वाचत गेले. निरीक्षण करवामां आव्युं. कोणे? चर्चा करवामां आवी. कोणे? तुमच्या छडीचा ताल माझ्या आवाजात उतरला होता, आणि खोटं कशाला बोलू, मजा येत होती. चौथ्या 'कोणे'ला तरुण बाई मान खाली घालून म्हणाल्या, "मने तो पूछ्युं ज नथी."

तेव्हा बहिणीने पिशवीतून एक पुठ्ठा काढला. त्यावर साडीच्या टिकल्यांनी काढलेला 'क'. "देखो म्याडम," ती म्हणाली, तीन भाषांची खिचडी करत, "ती आंख से नही वाचत. बोट फिरवते, मग बोलते. कमळ, कबूतर, सगळं." तरुण बाईंनी डोळे मिटून त्या 'क'वरून बोट फिरवलं. "आ कोणे बनाव्युं?"

"मी."

अख्ख्या बैठकीत कर्ता असलेलं ते पहिलं उत्तर. मग कागद नव्याने लिहिला गेला, नाही, तरुण बाईंनी लिहिला. मुलगी आपल्याच वर्गात राहील. बाई रोज अर्धा तास बोटांनी अक्षरं घेतील. मावशी दर शनिवारी येऊन टिकल्यांची अक्षरं करून देईल. खाली मावशीची सही. तिने ती एकेक अक्षर जुळवत केली. मुख्याध्यापिका घड्याळ बघत होत्या, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला त्या टेबलाशी उभं केलं होतं, चपला बाहेर काढून. बसा म्हटलं नाही.

परतताना रिक्षात बहिणीने विचारलं, "ताई, मायनी तवय मास्तरले काहीच इचारं नही का?"

मी म्हटलं, आठवत नाही.

आठवतं, सर. आई मला म्हणाली होती, "त्यासले इचार, ती मांगला बाकवर बठी राहिनी तर कोनले काय तरास?" तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "काय म्हणतात?" तुमच्यासमोर मला त्या भाषेची लाज वाटायची. मी म्हणाले, "काही नाही सर. हो म्हणतेय." मग तुम्ही ती खालची ओळ लिहिलीत.

हे पत्र तुम्हाला पाठवता येत नाही, ते एक बरं. पण हल्ली मुलीसोबत बसून बहीणही अक्षर लावून लावून वाचायला लागलीय. म्हणून हे मी कपाटात वरच्या फळीवर ठेवते आहे, तिचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी.