हातगुण

१ जून, सकाळी ६.१०
निवृत्त माणूस म्हणून पहिली सकाळ. एकतीस वर्षं लॅबमध्ये बॅक्टेरियांसाठी प्लेटा ओतल्या, आता स्वतःसाठी जगायचं. संकल्प: रोज साडेपाचला उठणे. (आज सहा वाजले. पहिला दिवस, सूट.) चालायला जाणे. स्वयंपाक स्वतः करणे. पुस्तक लिहिणे, नाव ठरलंय, 'प्लेट कशी ओतावी'. आणि लॅबचा विचार न करणे.
काल निरोपाच्या भाषणात लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, यांच्या हाताला तोड नाही. मॅडम उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत. पुस्तकाच्या मागच्या पानावर हे वाक्य शोभेल.

१ जून, दुपार
लॅबचा विचार केला. पण पुस्तकासाठी, त्यामुळे तो धरत नाही.

२ जून
हिचा फोन. ही जानेवारीत मुलीच्या बाळंतपणाला गेली ती तीन आठवड्यांसाठी. बाळ आता पाच महिन्यांचं आहे. व्हिडिओवर दाखवलं. ते माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होतं. पंखा नवीन दिसला. जेवलात का, असं हिने विचारलं. म्हटलं, व्यवस्थित. (भात खाली लागला होता. वरचा चांगला होता.)

४ जून, सकाळी ८
उठायला उशीर. पुस्तक मात्र जोरात सुरू. प्रकरण पहिलं. वाचकाला आधी प्रयोग कळायला हवा, म्हणून:
प्लेट म्हणजे तळहाताएवढी झाकणाची बशी. तिच्यात अगारचा, म्हणजे जेलीसारखा, पातळ थर. तो मी ओततो. त्याच्यावर आमच्या लॅबने जीन बदलून घडवलेले दोन तऱ्हेचे बॅक्टेरिया. मधोमध ठिपकाभर बोलणारे. ते एक रसायन सोडतात, ते थरातून चहूकडे पसरतं. बाकी प्लेटभर ऐकणारे. त्यांना निरोप फार जोरात पोचला तरी ते गप्प, फार हळू पोचला तरी गप्प. बेताचा पोचला तरच हिरवे चमकतात. म्हणून ठिपक्याभोवती, ठरावीक अंतरावर, हिरवं कडं उमटतं. कुणी आखून देत नाही. एकमेकांशी बोलून त्यांचं तेच उमटवतात.
अडचण एकच. दोन वर्षं झाली, कडं गोल येत नाही. अंड्यासारखं येतं.
चूक घाईबाईची. (हे नाव मी ठेवलं. प्लेटा गार व्हायच्या आत मागते.) पीएच.डी.चं सहावं वर्ष, हा प्रयोग तिचा. दोन वर्षं जीन बदलत बसली आहे. मी तिला चारचौघांत, तिच्याच भल्यासाठी, पुष्कळदा सांगितलं, बाई, पाया मी पक्का घालून देतो, वरचं घर तू वाकडं बांधतेस. मान खाली घालून ऐकते. स्वभावाने गरीब आहे. एकदा शीतखोलीतून डोळे लाल करून बाहेर आली. काहींना थंडी बाधते.
(पुस्तक इथेच थांबलं. हात दुखला.)

८ जून
लॅबमधून फोन नाही. हिशेब सोपा आहे. जाताना मी शीतखोलीत प्लेटांची चळत ठेवून आलो. ती साधारण दहा तारखेपर्यंत पुरेल. मग माझ्या जागी आलेल्या नव्या माणसाच्या प्लेटा वापराव्या लागतील. नवा चाळिशीचा, दुसऱ्या एका लॅबमधून आलेला, बोलत नाही, नुसती मोजमापं घेतो. त्याच्या प्लेटांवर कडं काय, ठिपकाही यायचा नाही. बाराला फोन येईल. तिसऱ्या रिंगआधी उचलायचा नाही, असं ठरवलं आहे.

१२ जून, संध्याकाळी ५
फोन नाही. फोन बिघडला असेल म्हणून खालच्या दुकानदाराला माझ्या नंबरवर रिंग द्यायला सांगितलं. वाजला. त्याने विचारलं, काका, कुणाची वाट बघताय का. म्हटलं, छे.
चालायला गेलो नाही. रस्त्यावर आवाज फार असतो, रिंग ऐकू येत नाही.

१३ जून
साबण आणायला बाहेर पडलो. साबण लॅबच्या रस्त्यावर चांगला मिळतो. तिथवर गेलोच आहे तर म्हणून गेटशी थांबलो. वॉचमनने पास मागितला. एकतीस वर्षं आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवतो. आज त्याने मान हलवली आणि मग पास मागितला. नियम म्हणजे नियम, त्याचं बरोबर आहे. कुणाला भेटायचंय, असंही विचारलं. नाव सुचेना. परत आलो.
साबण आणायचा राहिला.

१७ जून, सकाळी ११.२०
फोन आला. पहिल्याच रिंगला उचलला गेला, बोट लागलं.
घाईबाई होती. आवाज कापरा. तुम्ही कुठल्या टेबलावर प्लेटा ओतायचात, एका प्लेटीत किती, ओतल्यावर किती वेळ हलवायचा नाहीत, असं सगळं विचारू लागली. मी म्हणालो, पोरी, या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. ती कुणाशी तरी बोलली आणि म्हणाली, काका, मग परवा याल का, पूर्वी ओतायचात तशाच पंधरा प्लेटा ओतून दाखवाल का. काहीही बदलू नका, हे तिने दोनदा सांगितलं.
माणसाला याहून मोठा मान काय मिळायचा? सतरा दिवस. मी बारा धरले होते.
हिला फोन करून कळवलं. ही म्हणाली, बरं झालं, घराबाहेर तरी पडाल. आनंद दाखवायची तिला सवय नाही.

१९ जून, दुपारी ४
आत्ताच आलो. जसंच्या तसं लिहून ठेवतो.
गेटवर माझ्या नावाचा पास तयार होता. माझं खिडकीजवळचं टेबल अडगळीत गेलं होतं, ते माझ्यासाठी परत आणून जुन्या खुणांवर मांडलं होतं. पायांखालचं वगैरे सगळं होतं तसंच ठेवलंय, असं नवा म्हणाला. माणूस बारकाईचा आहे, माझं मत बदललं. मॅडम स्वतः खुर्ची घेऊन समोर बसल्या. घाईबाईने फोनवर शूटिंग केलं. मी ओतत होतो आणि बोलत होतो. मनगट कसं ठेवायचं, धार कशी तुटू द्यायची नाही, नंबर नेहमी आपल्या बाजूच्या कडेला का लिहायचा. चाळीस मिनिटं. कुणी मध्ये बोललं नाही. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.
निघताना मॅडमनी हात हातात घेतला.  गहिवरल्या असाव्यात.
प्लेटांवर बॅक्टेरिया घालून इन्क्युबेटरमध्ये ठेवतील. परवा निकाल. पगाराचं विचारलं तर म्हणायचं, पगार नको, टेबल द्या.

२१ जून, सकाळी १०
फोन. घाईबाई जवळजवळ ओरडली, काका, आलं. मी शर्टाला इस्त्री न करता निघालो.

२१ जून, दुपारी ३
माझ्या पंधरा प्लेटा ओळीने मांडल्या होत्या. पंधराही अंडी. पंधरांचंही निमुळतं टोक एकाच दिशेला, नंबराच्या विरुद्ध. शेजारी नव्या माणसाने मशीनने ओतलेल्या पंधरा. त्यावरची कडी कंपासने काढल्यासारखी गोल.
घाईबाई हसत होती, मॅडमच्या गळ्यात पडली. मीही हसलो. टाळ्याही वाजवल्या. सगळे आनंदात होते, आपण वेगळं कशाला दिसायचं.
मग मॅडमनी मला बसायला खुर्ची दिली. नव्या माणसाने गवंडी वापरतात ती पाणसळ माझ्या टेबलावर ठेवली. बुडबुडा सरळ एका कडेला पळाला. टेबल खिडकीकडे चढं, माझ्याकडे उतरतं. त्याने वाकून एका पायाखालून पुठ्ठा काढला. हातमोज्यांच्या खोक्याचा, चार घड्या घातलेला. त्यावर तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची, आणि 'हलवू नये'. अक्षर माझं. टेबल डुगडुगत होतं म्हणून मीच घातला होता.
मॅडमनी हळू आवाजात समजावलं. टेबल उतरतं म्हणून थर एका बाजूला जाड. जाड थरात निरोप विरळ होतो, कडं जवळ येतं. पातळ बाजूला लांब जातं. नव्याच्या प्लेटांवर कडं गोल आलं, तेव्हा घाईबाईला प्रश्न पडला की बदललं काय. बदललो होतो मी. खात्री करायला मला बोलावलं. जीनमध्ये काहीच चूक नव्हती, असं त्या म्हणाल्या. अगदी पहिल्यापासून.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी चाळीस मिनिटं बोलून दाखवलं, वर त्याचं शूटिंग झालं.
घाईबाईने चहा आणून दिला. काका, तुम्ही आला नसतात तर हे सिद्धच झालं नसतं, म्हणाली. मनापासून म्हणाली, हीच पंचाईत.

२२ जून
टेबल संस्थेचं होतं. फरशी उंचसखल होती. दोन वर्षं सगळे जीनकडेच बघत बसले, प्लेटीकडे बघायला कुणी अडवलं होतं? आणि हाताला तोड नाही, हे मॅडम स्वतःच म्हणाल्या होत्या.
चारही मुद्दे बिनतोड आहेत. जेवलो नाही.

२३ जून, सकाळी ९ ते ११
घाईबाईला मेसेज लिहायला बसलो. फरशीपासून सुरुवात केली. ते खोडलं. टेबलाचं खोडलं. माझी एकतीस वर्षं खोडली. तिला गरीब स्वभावाची म्हटलं होतं, तेही खोडलं. शीतखोलीचं लिहिता आलं नाही. शेवटी उरलं ते पाठवलं: दोन वर्षं तुला चारचौघांत बोललो, चूक माझी होती.
तिने वाचल्याची खूण आली. 

२४ जून, सकाळी १०.४०
घाईबाईचं उत्तर आलं. काका, होतं असं. मनात ठेवू नका. तुमच्या प्लेटांचा फोटो पेपरमध्ये घेतोय, सहावी आकृती.
फोटोखाली काय लिहिणार, असं विचारलं.
'असमान थराचा परिणाम', असं आलं. मागून आणखी एक ओळ. त्या दोन वर्षांत मी शिकणं सोडून द्यायचं ठरवलं होतं काका, दोनदा.
पुढे काय लिहावं कळेना.  अंगठा तर पाठवण्यासारखा नव्हता. 
हिला फोन लावला. बाळ आत्ताच झोपलंय म्हणून ती कुजबुजत बोलली. महत्त्वाचं आहे का, असं विचारलं. म्हटलं, तसं काही नाही. मग नंतर करते, म्हणाली.
अकरा वाजले. बसलो आहे.