दोन शिक्क्यांचा देश

२ नोव्हेंबर, बीड

फवाजचं, माझ्या येमेनी पीएचडीवाल्याचं, चौथं प्रकरण लाल करून परत दिलं. 'अरब देशांतील राज्यनिर्मिती आणि सार्वभौमत्व' — सहा वर्षं झाली. तिकडं येमेन मोडतोय, इकडं हा माझ्या हाताखाली त्याची निर्मिती लिहितोय. तसं बोललोही. तो म्हणाला, "सर, प्रबंध संपंस्तोवर एक तरी सरकार राहू द्या." मराठी तो कॉलेजच्या कँटीनमध्ये शिकलाय, म्हणून अस्सल बीडची.

मग हळूच सांगितलं. आई तिकडं राजधानीत, सनात आजारी. किडन्या गेल्यात. जावं तर पासपोर्ट संपलेला. सनात एक सरकार, एडनमध्ये दुसरं. याच्या कागदांवर शिक्का सनाचा, पासपोर्ट देणार एडनवाले. ते तो शिक्का मानत नाहीत.

"मी आणतो तुझा पासपोर्ट," म्हणालो. कशापायी म्हणालो, कुणास ठाऊक.

खोटं. ठाऊक आहे. माझी आई धारूरला वारली तेव्हा मी पुण्यात परिसंवादात सार्वभौमत्वावर निबंध वाचत होतो. फोन बंद करून. वेळेत संपवला म्हणून टाळ्या पडल्या.

५ नोव्हेंबर

बायकोनं, मनिषानं, फवाजच्या फोनवर त्याच्या आईला भाकरी थापून दाखवली. तिनं उशीवरूनच हातानं सांगितलं — अजून पातळ. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नाही, तरी एकमत झालं. दोन सरकारांना दहा वर्षांत जमलं नाही ते परातीत जमलं.

९ नोव्हेंबर

दिल्लीला येमेनच्या वकिलातीत फोन. मूळ कागद लागतील म्हणे. मूळ कागद सनात.

फवाजला आजोबांची गोष्ट सांगितली. धारूरचा उंबरा न सोडता माणूस चार राज्यांत राहिला — निजामाचं, मग हैदराबाद, मग मुंबई, शेवटी महाराष्ट्र. रस्ता मात्र चौघांनीही केला नाही. फवाजनं वहीत लिहून घेतलं. "पण सर, उंबरा तर तोच राहिला ना?"



१४ नोव्हेंबर

फवाज सीताफळं घेऊन आला. दाढी वाढलेली. आईला दाखव म्हटलं, तर म्हणे तिकडं नेट न्हाई. "नेटलाही दोन सरकारं असतील," मी म्हणालो. पेपरातल्या माझ्या रविवारच्या सदराला बरं वाक्य आहे. मनिषा उठून आत गेली. माझे विनोद तिला हल्ली सोसत नाहीत.

२१ नोव्हेंबर

उद्या दिल्लीला निघतो. फवाजला चल म्हटलं, तर छपाईचं काम आहे म्हणाला. सांगितलं तिथं मुकाट सह्या केल्या. मनिषानं डबा बांधला. दारात म्हणाली, "जायलाच पाहिजे का?" बाईची आई गेलेली नाही अजून, तिला काय कळणार.

२६ नोव्हेंबर, दिल्ली

तीन दिवस वकिलातीतल्या एकाच बाकावर. आज खिडकीतल्या साहेबांपुढं रडलो. पन्नाशीचा प्राध्यापक, लोकांची टोपी उडवणारा. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "तुमचा कोण लागतो?" म्हणालो, आई. त्यांनी फवाजचं विचारलं होतं.

मूळ कागदांशिवाय अर्ज घेतला.

५ डिसेंबर

पासपोर्ट आला! फवाजच्या हातात ठेवला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, न उघडता खिशात घातला. "लई उपकार, सर." तिकिटाचं विचारलं, तर प्रबंध देऊन जातो म्हणाला.

भडकलो. "आई थांबत नसती बे!"

तो खाली मान घालून उभा राहिला. मनिषा मला म्हणाली, "बास करा आता."

११ डिसेंबर

प्रबंध बांधून आला. पहिल्या पानावर — आईस. खाली दोन तारखा. दुसरी, १२ नोव्हेंबर.

मनिषाला विचारलं. तिला त्याच दिवशी कळलं होतं. माझ्या आईचं त्याला तिनंच कधी सांगितलेलं. दिल्लीला निघालो तेव्हा ती मला सांगणार होती, फवाजनं अडवलं.

"ताई, सरांना जाऊ द्या. ते माझ्या आईकडं न्हाई चाललेले."